औषधाच्या खिडकीपाशी विचारायचा प्रश्न: सुईने नशा करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी खुले पत्र

प्रति,
राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, एड्स नियंत्रण संस्था आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांतील सन्माननीय अधिकारीवर्ग

स.न.वि.वि.

मुंबईत हार्बर मार्गाच्या कडेने वसलेल्या एका वस्तीत, सुईने नशा करणाऱ्या लोकांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात मी गेली अकरा वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक न्हाणीघर, जखमा धुऊन मलमपट्टी करण्याचे एक टेबल आणि गजांची एक खिडकी. या खिडकीतून परिचारिका रोज सकाळी, गर्दच्या नशेऐवजी दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी कुटून देते; आलेला माणूस ती पूड जिभेखाली ठेवतो आणि ती विरघळेपर्यंत तिच्या नजरेसमोर थांबतो. कार्यक्रमाच्या भाषेत याला ओएसटी म्हणतात, आमच्याकडे येणारे नुसते 'दवा' म्हणतात. रविवार असो, दिवाळी असो की रुळांवर पाणी साचलेले असो, दवा घ्यायला माणसे येतात, कारण ती चुकली तर टर्की सुरू होते: अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

ज्या माणसाला गाठणे आरोग्यव्यवस्थेला सर्वांत अवघड जाते, तो माणूस येथे रोज आपल्या पायांनी चालत येतो. त्याच्या मनाची विचारपूस करण्याची जागा हीच आहे. ती विचारपूस रीतसर, ठरवून आणि पुढच्या उपचारांची सोय आधी करून सुरू व्हावी, एवढी एकच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी एका ओळीत मावते. ती नीट पार पडण्यासाठी काय लागते, हे सांगण्यास मात्र थोडी जागा लागेल.

सध्या आम्ही काय विचारतो, ते आधी सांगते. किती सुया नेल्या, किती परत आणल्या, दुसऱ्या कोणाची सुई वापरली का, गळू झाले आहे का, खोकला दोन आठवड्यांहून जुना आहे का, एचआयव्हीची तपासणी कधी झाली. हे सगळे प्रश्न आवश्यक आहेत आणि त्यांमुळे जीव वाचले आहेत, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण ६.२६ टक्के आढळले होते. त्याच सुमारास देशातील एकूण प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के होते. अशा परिस्थितीत सुयांचा हिशेब हे पहिले काम असणारच. परंतु आमच्या केंद्रातील जाडजूड नोंदवह्यांमध्ये 'जगावेसे वाटते का' या प्रश्नासाठी कित्येक वर्षे एकही रकाना नव्हता. मी समुपदेशक, पण माझ्या मासिक अहवालात जात होती ती सत्रांची संख्या.

या लोकांच्या मनात काय चालले आहे, याविषयी आपल्याकडे अगदीच माहिती नाही असे नाही. दिल्लीत सुया पुरवणाऱ्या केंद्रांत येणाऱ्या सुमारे चारशे पुरुषांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर दहांपैकी आठांहून अधिक जणांमध्ये नैराश्याची आणि सुमारे सात जणांमध्ये चिंताविकाराची लक्षणे आढळली, आणि निम्म्याहून अधिक जणांनी मागील वर्षभरात स्वतःला संपवण्याचा विचार केला असल्याचे सांगितले. प्रश्नावलीतून निघालेला आकडा आणि डॉक्टरांनी केलेले निदान यांत अंतर असते, हे मला ठाऊक आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. ते अंतर कितीही वजा केले तरी उरते ते थोडेथोडके नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर आपली अडचण आणखी वेगळी आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. असता तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण ते घरोघरी जाऊन केलेले सर्वेक्षण होते आणि ज्याला घरच नाही त्याच्या दारावर टकटक करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज दिला, आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधीतरी उपचार मिळतो असेही सांगितले. एका सर्वेक्षणात ही माणसे मनोरुग्ण म्हणून सापडत नाहीत, दुसऱ्यात ती केवळ व्यसनी म्हणून मोजली जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक जण गेला. पस्तिशीच्या आसपासचा, अबोल, खिडकीपाशी नेहमी सर्वांत शेवटी येणारा. पहाटे रुळांच्या कडेला सापडला, हातापाशी सिरिंज होती, आणि आम्ही नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'मृत्यू: अतिसेवन' असे लिहिले. चार दिवसांनी आमच्या एका पिअरने, म्हणजे स्वतः पूर्वी सुई घेतलेल्या आणि आता आमच्यासोबत काम करणाऱ्या सहकाऱ्याने, मला सांगितले की शेवटच्या आठवड्यात त्या माणसाने आपली चादर आणि स्टीलचा डबा दुसऱ्याला देऊन टाकला होता. पिअरने ते पाहिले होते. त्याला ते खटकलेही होते. पण असे काही दिसले तर कोणाला सांगायचे, हे आम्ही त्याला कधी शिकवलेच नव्हते. त्या मृत्यूला अतिसेवन म्हणायचे की आणखी काही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. आमच्या नोंदवहीतील अशा किती 'अतिसेवनां'विषयी तसेच म्हणावे लागेल, हा विचार मात्र तेव्हापासून पाठ सोडत नाही.

मग रुग्णालयात का पाठवत नाही, असे आपण विचाराल. पाठवतो. एकदा मी स्वतः एकाला घेऊन एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर पत्ता विचारला गेला, तेव्हा त्याने ज्या पुलाखाली तो झोपतो त्या पुलाचे नाव सांगितले आणि मागच्या रांगेत हशा पिकला. आत जायला पावणेबारा वाजले. तोवर तो घामाघूम झाला होता, कारण रांग चुकू नये म्हणून त्या दिवशी दवा न घेताच आम्ही निघालो होतो, हा माझा मूर्खपणा. निवासी डॉक्टर थकलेले होते, वाईट नव्हते. त्यांनी कागदावर औषध लिहिले आणि 'आधी गर्द पूर्ण बंद कर, मग मनाचे बघू' असे सांगितले. त्याच माणसाला त्याआधी एका व्यसनमुक्ती केंद्राने 'हा फार उदास असतो, जिवाचे बरेवाईट करून घेईल, आम्ही ठेवून घेऊ शकत नाही' असे सांगून परत पाठवले होते. पुन्हा त्या रुग्णालयात येण्यास तो तयार झाला नाही आणि मलाही त्याला आग्रह करण्याचे धाडस झाले नाही.

या दोन दारांमधली जागा कायद्याने केव्हाच बंद केली आहे, हे आपणांस सांगायला नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि कलम १८ ने शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. योगायोग असा की, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तीही त्याच महिन्यात, एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या कलम २२ ने सुया देण्यासारख्या, धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण दिले. दोन्ही कायदे एकाच आरोग्य मंत्रालयाचे. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणा मात्र वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय खात्याच्या अखत्यारीत आणि सुई बाळगणाऱ्याला हटकणारा शिपाई गृहखात्याचा. पुलाखालच्या माणसाला या सर्वांशी एकट्याने व्यवहार करावा लागतो.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. नैराश्याच्या प्राथमिक चाळणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती २००१ पासून उपलब्ध आहे, तिला शुल्क नाही, तिचा मराठी अनुवादही आहे. मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की पुढची तपासणी. उद्या आपण सर्व केंद्रांना परिपत्रक पाठवून ही प्रश्नावली भरून घ्यायला सांगितली, तर महिन्याभरात भरलेले अर्ज येतील आणि त्यांतील बरेचसे निरुपयोगी असतील. का, ते सांगते.

नऊ प्रश्नांपैकी पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतील मंदपणा किंवा बेचैनी यांविषयी आहेत. टर्कीतल्या माणसाला हे पाचही होते. त्या दिवशी विचारले, तर पहिल्या दोन, म्हणजे आनंद आणि उदासी यांविषयीच्या, प्रश्नांना हात न लावताच तो दहा गुणांच्या पुढे जातो. उलट, नुकतीच सुई घेऊन आलेला माणूस गुंगीत सगळ्याला 'एकदम मस्त' म्हणतो आणि शून्यावर राहतो. म्हणून माझी विनंती अशी की, ओएसटी सुरू झाल्यावर मात्रा स्थिरावून निदान दोन आठवडे उलटल्याशिवाय पूर्ण प्रश्नावली घेऊ नये, आणि पहिल्यांदा जास्त गुण आले तर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा घ्यावी. आमच्या अनुभवात काही जणांचे गुण दुसऱ्या वेळी निम्म्यावर आले आणि त्यांना नैराश्यावरचे कोणतेही औषध दिलेले नव्हते. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनची अपुरी मात्रा तेवढी वाढवली होती. मात्रा कमी पडणाऱ्या माणसाला उदास म्हणून नोंदवणे म्हणजे उपाशी माणसाला चक्कर येते म्हणून कानाची तपासणी करण्यासारखे आहे. ज्यांचे गुण खाली आले नाहीत, त्यांच्याकडे मात्र तातडीने लक्ष द्यायला हवे, आणि ते कोण हे दुसऱ्या तपासणीशिवाय कळत नाही.

या वाट पाहण्याला एक अपवाद आहे: नववा प्रश्न. मरून गेलेले बरे, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हा तो प्रश्न. तो पहिल्या भेटीतही विचारायचा, टर्कीतल्या माणसालाही विचारायचा, कारण टर्की हीच अनेकदा ती वेळ असते. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात घातला जातो, अशी भीती आमच्या कर्मचाऱ्यांनाही होती. विचारू लागल्यावर उलटाच अनुभव आला. तीन वर्षे रोज दवा घेणारा एक जण हा प्रश्न ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'मॅडम, सुई कुठे मारतो ते सगळ्यांनी विचारलं, हे कोणी विचारलं नव्हतं.'

भाषेचा प्रश्न अनुवादाने सुटत नाही. मराठी प्रश्नावलीतील 'खिन्न' हा शब्द आमच्याकडे येणाऱ्यांपैकी, मराठी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्याही तोंडी नाही. ते म्हणतात 'डोकं जड झालंय', 'मन लागत नाही', 'टेन्शन आहे', 'आतून सुन्न आहे'. त्यात निम्मेशिम्मे लोक मुंबईची हिंदी बोलणारे, काही बंगाली, काही तमिळ. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, म्हणून प्रश्न तोंडीच विचारावे लागतात आणि विचारणाऱ्याने आपल्या मनाने शब्द बदलले की मोजमाप बदलते. 'कामांत रस किंवा आनंद वाटत नाही का', हा पहिला प्रश्न विचारल्यावर भंगार वेचणारा एक जण हसून म्हणाला, 'कोणत्या कामात?' त्याचा प्रश्न रास्त होता. आम्ही पिअरांना सोबत घेऊन या प्रश्नाची तीन-चार रूपे करून पाहिली. 'पूर्वी चहा, गाणं, दोस्त, पत्ते यांतलं जे आवडायचं ते आता आवडतं का' हे रूप लोकांना कळले. पण हे आमचे घरगुती काम झाले. राज्याच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाने, या लोकांनाच सोबत बसवून, बोलीतली प्रश्नावली पारखून घ्यावी आणि ती सर्व केंद्रांना द्यावी. याला फार पैसा लागत नाही. काही महिने आणि थोडी नम्रता लागते.

प्रश्न कधी विचारायचे, हीही एक बारीक गोष्ट. दवा जिभेखाली असताना माणसाला बोलता येत नाही. दवा घेण्याआधी त्याचे लक्ष खिडकीकडे असते आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचे 'बरोबर' उत्तर दिले नाही तर दवा मिळणार नाही, असे त्याला वाटू शकते. म्हणून दवा घेऊन झाल्यावर, खिडकीपासून दूर, चहाच्या कपासोबत. हे तपशील परिपत्रकात येत नाहीत, पण उत्तरे खरी की खोटी हे त्यांवरच ठरते.

विचारणारा कोण असावा, याविषयी माझे मत ठाम आहे: पहिले दोन प्रश्न पिअरने अड्ड्यावर विचारावेत, पूर्ण प्रश्नावली समुपदेशकाने केंद्रात घ्यावी. मनोविकारतज्ज्ञांची संख्या इतकी कमी आहे की त्यांनी पुलाखाली यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे काहीच न करण्याचे निमित्त शोधणे होय. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि ज्यांच्यावर जाणत्यांची देखरेख आहे अशा माणसांकडून हे काम होते, याचे पुरावे आपल्या दाराशी आहेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अशा समुपदेशकांकरवी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रांचा उपचार दिला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले आणि ते आशादायक होते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांमध्ये 'विश्राम' या उपक्रमात दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. मात्र हे नमुने उचलून जसेच्या तसे लावू नयेत, असेही मी सुचवीन. अमरावतीच्या गावात कार्यकर्ती ज्या घरी आज गेली ते घर उद्या तेथेच असते. आमच्याकडे पालिकेची गाडी येऊन गेली की अख्खा अड्डा दोन स्थानके पुढे सरकतो.

पिअरांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे माझे कर्तव्य आहे. ते तुटपुंज्या मानधनावर काम करतात, त्यांतील काही स्वतः ओएसटीवर आहेत, आणि ज्यांच्या मरणाच्या बातम्या ते मला आणून देतात ते त्यांचे जुने सोबती असतात. अशा माणसाला 'तुला मरावेसे वाटते का' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारायला लावायचा आणि त्याला स्वतःला कोणीच काही विचारायचे नाही, हे चालणार नाही. दर पंधरवड्याला त्यांच्यासोबत बसणारे कोणीतरी हवे, आणि ते मी सोडून हवे, कारण त्यांची हजेरी माझ्याकडे असते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये चाळणी तपासणीची जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक साधी अट होती: ज्या आजारासाठी चाळणी लावायची, त्यावर उपचार उपलब्ध असले पाहिजेत. पीठ चाळणारी बाई चाळणीत उरलेल्याचे काय करायचे, हे चाळायला बसण्यापूर्वी ठरवते. आपण ठरवले आहे का? नवव्या प्रश्नाला 'हो, रोज' असे उत्तर सकाळी अकरा वाजता आले, तर मी काय करायचे? 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तो चांगला उपक्रम आहे. परंतु आमच्या माणसाकडे फोन नसतो, असला तरी आठवड्यात विकला जातो. केंद्राच्या फोनवरून, समुपदेशक शेजारी बसून, तो क्रमांक लावावा, ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे. तेवढ्यावर त्या माणसाला पुन्हा रुळांकडे सोडता येत नाही.

म्हणून तपासणीच्या आदेशासोबत, किंबहुना त्याच्या आधी, या सोयी व्हाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञ दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या दिवशी केंद्रात यावेत, आणि तो दिवस बैठकांमुळे बदलू नये. नैराश्यावरील औषधे ओएसटीच्या खिडकीतूनच, दव्यासोबत मिळावीत. ज्याला रोज एका खिडकीवर यायचेच आहे त्याला दुसरी खिडकी दाखवू नये. आत्महत्येचा धोका असलेल्या माणसाला त्याच दिवशी दाखल करून घेणाऱ्या काही खाटा एखाद्या सर्वसाधारण रुग्णालयात राखून ठेवाव्यात आणि दाखल असताना त्याचे ब्युप्रेनॉर्फिन बंद होणार नाही, याची लेखी हमी असावी. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. खाट मिळाली आणि दवा तुटली, म्हणून तिसऱ्या दिवशी सलाइन काढून निघून आलेले लोक मी पाहिले आहेत.

औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरांसाठी एक सावधगिरीची सूचनाही आदेशात असावी. झोप येत नाही म्हणणाऱ्याला बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या लिहून देणे सोपे असते. त्यांतल्याच काही गोळ्या रस्त्यावर 'बटन' म्हणून विकल्या जातात. ब्युप्रेनॉर्फिनच्या जोडीला त्या गेल्या आणि वर दारू पडली, तर श्वास मंदावून माणूस झोपेतच दगावू शकतो. तपासणी करून, उदास ठरवून, अशी चिठ्ठी हातात देणार असू तर न विचारलेलेच बरे.

सगळ्यांनाच औषधे लागतात, असेही नाही. कोणाला रात्रनिवाऱ्यात जागा मिळाल्यावर झोप लागते, कोणाचे एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांचे, तुटलेले उपचार पुन्हा सुरू झाल्यावर अंगात बळ येते, कोणाला गावी आईला फोन लावून द्यावा लागतो. हे 'मानसिक आरोग्या'त मोडते की नाही, याचा वाद घालण्यापेक्षा समुपदेशकाच्या वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवावेत.

गोपनीयतेविषयी कायद्यांत कलमे आहेत, पण आमच्या लोकांची भीती कलमांनी जात नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम २७ नुसार नशा करणे हाच गुन्हा आहे. त्यामुळे ज्या कागदावर आपले नाव आणि आपली नशा एकत्र लिहिली आहे तो कागद कोणाच्या हाती जाईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यात आता 'मनाने कमजोर' अशी तिसरी नोंद पडणार. प्रश्नावलीचे गुण नावाने न ठेवता केंद्राच्या सांकेतिक क्रमांकाने ठेवावेत, आधार क्रमांकाशी जोडू नयेत, आणि तपासणीला नकार देणाऱ्याची दवा एका दिवसानेही अडणार नाही हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. आणि मी एका अधिकृत कागदावर 'गर्दुल्ला' हा शब्द लिहिलेला पाहिला आहे. तो निदान आपल्या नमुन्यांत नसावा.

स्त्रियांविषयी मी थोडेच लिहिते आहे, याची मला खंत आहे, पण आमच्या केंद्रात त्या इतक्या कमी येतात की माझा अनुभव तोकडा आहे. ज्या येतात त्यांच्यासोबत बहुधा जोडीदार असतो, तोच सुई भरतो, तोच उत्तरे देतो. त्यांना वेगळी वेळ, वेगळी खोली आणि विचारणारी बाई हवी, आणि प्रश्नांत मारहाणीचा प्रश्न हवा.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण आपल्या व्यवस्थेत जे मोजले जाते तेच होते. कृपया 'किती जणांची तपासणी झाली' हे उद्दिष्ट केंद्रांना देऊ नका. मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अशी उद्दिष्टे कशी पूर्ण होतात, हे आपण आणि मी दोघेही जाणतो. मोजायचेच असेल तर असे मोजा: जास्त गुण आलेल्यांपैकी किती जण पंधरा दिवसांत डॉक्टरांसमोर बसले, किती जणांची दुसरी तपासणी झाली, नवव्या प्रश्नाला होकार देणाऱ्यांपैकी किती जण तीन महिन्यांनी खिडकीवर येत आहेत. हे आकडे लहान असतील आणि सुरुवातीला लाजिरवाणे असतील. म्हणूनच सुरुवात चार-पाच केंद्रांतच व्हावी, सहा महिने ती नीट चालवून पाहावी आणि त्यानंतर इतरत्र न्यावी, असे मला वाटते.

आमच्या केंद्रात आम्ही नववा प्रश्न विचारणे सुरू केले आहे. आदेशाची वाट पाहिली नाही, याबद्दल विचारणा झाल्यास मी उत्तर देईन. गेल्या आठवड्यात दोघांनी होकार दिला. एकाला आम्ही रात्रनिवाऱ्यात नेले, दुसऱ्यासोबत आमचा पिअर रात्रभर फलाटाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. अशा माणसाला त्याच दिवशी तपासण्याची जबाबदारी आपल्यापैकी कोणत्या पदावरील व्यक्तीची आहे आणि तिला कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे लेखी कळवल्यास तो कागद मी उद्याच खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक समुपदेशक, मुंबई